पंधरा नोव्हेंबरची सुट्टी

माणूस जन्मतः स्वतंत्र असतो; वर्गण्या नंतर सुरू होतात. मिशिगनमध्ये मोटारीच्या दारांच्या बिजागऱ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात ऑर्विल कांगसच्या पगारातून युनियनची वर्गणी एकवीस वर्षं परस्पर कापली जात होती. अखेर सरकारला त्याची दया आली. यापुढे वर्गणी ऐच्छिक राहील, मात्र ती न देणाऱ्याचीही बाजू युनियनने तितक्याच तळमळीने मांडावी, असा सुटसुटीत कायदा झाला.

ऑर्विलने त्याच आठवड्यात वर्गणी बंद करण्याचा अर्ज भरला आणि वाचलेल्या पैशांतून शिकारीच्या मचाणावर ठेवायला शेगडी घेतली. (मचाण वडिलांनी बांधलेलं. पंधरा नोव्हेंबरला हरणांची शिकार खुली होते, त्या दिवशी कारखान्याला पगारी सुट्टी असे. ऑर्विलच्या समजुतीप्रमाणे ती थंडीसारखी आपोआप येई.)

त्याचं पाहून इतरही निघाले, आणि दोनशे चौदांपैकी त्याच्यासह दोनशे नऊ कामगार स्वतंत्र झाले. उरलेल्या पाचांत युनियनची प्रतिनिधी बर्नडीन, निवृत्तीला टेकलेले तिघे, आणि नोटीस न वाचलेला एक.

पुढच्या कराराच्या वाटाघाटींना मालकांतर्फे चार वकील आले. युनियनतर्फे बर्नडीन आली, घरचा डबा घेऊन. बोलणी अत्यंत खेळीमेळीत, चाळीस मिनिटांत आटोपली. पगारी सुट्ट्यांच्या नव्या यादीत पंधरा नोव्हेंबर नव्हता.

ऑर्विल तडक कॅन्टीनमध्ये बर्नडीनकडे गेला.

"बर्नी, माझी सुट्टी गेली."

"आपली गेली. बस, तक्रार लिहून घेते."

"पैसे पडतील?"

"छे, फुकट. कायदाच आहे तसा."

"मग इतके दिवस करता काय तुम्ही? मालक दिवसाढवळ्या सुट्टी खातो आणि युनियन झोपलेली."

"झोपलेली नाही रे, एकटी आहे," बर्नडीन फॉर्म शोधत म्हणाली. "पेन असलं तर दे. आमच्याकडचं संपलंय."

ऑर्विलने पेन दिलं. (ही वर्गणी धरू नये, असं बजावून.)

पंधरा नोव्हेंबरला तो यंत्रापाशी उभा होता. जंगलातून बार ऐकू येत होते. वडील गेले त्या वर्षीही त्याने मचाण रिकामं ठेवलं नव्हतं. आज ते रिकामं होतं आणि त्याला फार वाईट वाटत होतं. शेजारच्याला तो म्हणाला, "युनियनमध्ये आता पूर्वीसारखा दम राहिला नाही." शेजाऱ्याला ते पटलं. तोही स्वतंत्रच होता.

ऑर्विलचं आपल्याला हसू येणं साहजिक आहे. आपण हे बहुधा रविवारी, पाय पसरून वाचत असाल. तो रविवारही कुणीतरी वर्गणी काढून, भांडून मिळवलेला आहे. पावतीपुस्तकात आपलं नाव सापडलं नाही. नजरचुकीने राहिलं असेल.