कॅबिन नंबर तीनमधले बोरस्ते सर

"पाय दाखव."

टोरांटोत राहणाऱ्या, ग्रंथालयात चांगल्या हुद्द्यावर असलेल्या आणि दोन मुलांची आई असलेल्या अनघाला आमचे बोरस्ते सर शिकवणी सुरू करताना पहिलं वाक्य हेच म्हणायचे. मग ती निमूटपणे कॅमेरा खाली वळवायची आणि पायांत चपला नाहीत हे दाखवायची. तबल्यापुढे चपला घालून बसायचं नाही हा सरांचा नियम. शिष्या समुद्रापलीकडे आहे म्हणून तो ढिला करायला ते तयार नव्हते. हिवाळ्यात तिने मोजे तरी राहू द्या अशी गयावया केली, तेव्हा दोन दिवस विचार करून सरांनी लोकरीच्या मोज्यांना मंजुरी दिली. नायलॉनच्या नाही.

मला हे ठाऊक, कारण हे सगळं माझ्याच दुकानात चालायचं. दोन हजार सालानंतर नाशिकच्या इंदिरानगरात माझा सायबर कॅफे होता. पोरं परीक्षेचे निकाल बघायला यायची, आईबाप मुलांसाठी स्थळं शोधायला यायचे, आणि पहाटे साडेपाचला, दूधवाल्याच्याही आधी, खांद्याला तबल्याची पिशवी लावून बोरस्ते सर यायचे. एका जुन्या शिष्याने परदेशी गेल्यावरही शिकवणी सोडली नाही, त्याने चार जणांना सांगितलं, आणि बघता बघता सर आंतरराष्ट्रीय झाले. पहिल्याच दिवशी त्यांनी कॅबिन नंबर तीनमधली खुर्ची बाहेर काढायला लावली. नंतर टेबल. मग तो अवाढव्य मॉनिटर मी आणि त्यांनी मिळून जमिनीवर ठेवला, समोर सतरंजी अंथरली. खुर्चीवर बसून तबला वाजवतात काय, असा त्यांचा सवाल होता. इतर गिऱ्हाइकांना त्या कॅबिनमध्ये मांडी घालून ईमेल बघावे लागायचे. एका आजोबांना ते इतकं आवडलं की ते दुसऱ्या कॅबिनमध्ये जाईनात.

सर मूळचे निफाडकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. गावच्या भजनात पखवाज वाजवता वाजवता तबल्याला लागले. नोकरी अंबडला, कारखान्यात लेथवर. नव्वदच्या दशकात पहिली पाळी संपवून घरी आले की शिकवणी सुरू. तेव्हापासून त्यांचा हट्ट एकच, एका वेळी एकच शिष्य. कोणी तरी सुचवलं की सर, इंटरनेटवर दहा जणांना एकदम बसवा. सर म्हणाले, "तबला काय पोलिओचा डोस हाय व्हय, रांगेत उभं करून पाजायला?"

खरोखरच प्रत्येकाचं औषध वेगळं असायचं. लय पळवणाऱ्या एका डॉक्टरला त्यांनी महिनाभर मंद आचेवर रवा भाजायला लावला. डावा हात कच्चा असलेल्या इंजिनियरला डाव्या हाताने भाकरीचं पीठ मळायची आज्ञा झाली. त्याच्या बायकोने म्हणे सरांना खास धन्यवाद कळवले. आणि सगळ्यांना मिळून एक वाक्य होतं, "समेवर ये." सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. कुठेही भटका, पण तिथे वेळेवर भेटायचं. सर हे वाक्य तबल्यापुरतं ठेवत नसत. रिक्षावाला वळसा घालायला लागला, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणी पाल्हाळ लावलं, मी बिलाबद्दल आडवळणाने विचारलं, की सर मांडीवर बोट आपटून म्हणायचे, "मालक, समेवर या."

त्यांचं आणि इंटरनेटचं पहिलं भांडण झालं तेही समेवरूनच. सर इथून ठेका धरायचे, अनघा तिकडून वाजवायची, आणि दर वेळी तिची सम उशिरा पडायची. चार दिवस त्या बाईने बोलणी खाल्ली. शेवटी मला राहवेना. मी सांगितलं की सर, ती बरोबर आहे, आवाज इथून तिथे जायला आणि परत यायला वेळ लागतो. सरांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. "वाटंत च्या प्यायला थांबतो काय आवाज?" म्हणाले. पण रात्रभरात त्यांच्या ते ध्यानात आलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिची माफी मागितली नाही, फक्त पाय दाखवायला सांगितले नाहीत. सरांच्या लेखी ती माफीच होती.

मग म्हणाले, "लेहरा तिकडंच पायजे. तिच्या खोलीत." आणि खिशातून एक जुनी कॅसेट काढली.

लेहरा म्हणजे तबलावादकासाठी पेटीवर वाजवलेली सुरांची एक ओळ. तीच ओळ, त्याच लयीत, तासभर. तबलजी वाट्टेल ती करामत करतो आणि लोक त्याला टाळ्या देतात. लेहरा वाजवणाऱ्याने जागचं हलायचं नाही. सर उमेदीत रियाज करायचे तेव्हा असं एक तास बसायला कोणी तयार होईना. तेव्हा सुमनकाकू, म्हणजे सरांच्या बायको, स्वतःच पेटी शिकल्या. संध्याकाळचा स्वयंपाक उरकून बसायच्या. वर्षानुवर्षं सरांचा तबला काकूंच्या लेहऱ्यावर चालला. त्यांना कोणी चांगलं वाजवता म्हटलं की त्या म्हणायच्या, माझं काय, तेच ते.

त्याच काकूंना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला आणि वाचाही जवळपास गेली. कधी एखाद-दुसरा शब्द यायचा, तोही ओढत. त्यांनी पेटीवर चादर टाकली ती टाकलीच. घरात ती कॅसेट लागली की उठून आतल्या खोलीत जायच्या. म्हणून सर शिकवणी घराबाहेर, माझ्याकडे घेऊन आले होते. हे मला तेव्हा कळलं.

कॅसेटवरून सीडी करायचं काम मी केलं. कानाला हेडफोन लावून बसलो. आधी बांगड्यांची किणकिण, मग भात्याचा श्वास, मग ती ओळ. मध्येच, लेहरा चालू असतानाच, काकूंचा खणखणीत आवाज आला, "अहो, दूध बघा!" ओळ मात्र तसूभर ढळली नाही. मी सरांना विचारलं की हे कापून टाकू का.

"कापायचं नाय," सर म्हणाले. मग म्हणाले, "तिचं धड वाक्य तेवढंच ऱ्हायलंय माझ्याजवळ."

मी सीडी न कापता टोरांटोला पाठवली.

वर्षभराने अनघाने सांगितलं की तिथल्या गणेशोत्सवात तिला पंधरा मिनिटं मिळाली आहेत, मुलांची फॅन्सी ड्रेस स्पर्धा आणि महाप्रसाद यांच्या मध्ये. दुसरा कोणी गुरू असता तर हरखला असता. सरांनी विचारलं, लेहरा कोणाचा हे स्टेजवरून सांगणार का? ती म्हणाली, वेळ कमी आहे, सगळ्यांचीच नावं घेत नाहीत. सर म्हणाले, मग दोन मिनिटं कमी वाजव. माझं नाव घेऊ नको, पण तिचं घे.

कार्यक्रम तिकडे शनिवारी संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे रविवारी पहाटे. सर काकूंना रिक्षाने घेऊन आले. काय दाखवायचंय हे त्यांना सांगितलं नव्हतं. एरवी कारखान्याच्या भोंग्यालाही न घाबरणारा हा माणूस त्या दिवशी सतरंजी तीन वेळा झटकत होता. काकूंना जमिनीवर बसता येत नव्हतं. तेव्हा कॅबिन नंबर तीनमध्ये प्रथमच खुर्ची आली, आणि ती सरांनी स्वतः आणली.

पडद्यावर सगळं धूसर दिसत होतं. शिवाजी महाराज झालेला एक मुलगा रडत रडत खाली उतरला. मग अनघा बसली. निवेदकाने तिचं नाव घेतलं आणि पुढे म्हणाला, "लेहरा, सौ. सुमन बोरस्ते, नाशिक."

काकू दचकल्या. सरांकडे बघून उठायला लागल्या. सरांनी त्यांच्या खांद्यावर नुसता हात ठेवला.

लेहरा सुरू झाला. अनघाने सुरुवात जपून केली, मग तिचा हात बसला. आणि ऐन रंगात आलेली असताना तो आवाज आला, "अहो, दूध बघा!" टोरांटोचा सगळा हॉल हसला. अनघाही हसली, पण तिचा हात चुकला नाही, आणि लेहराही चुकला नाही. पुढची तिहाई, म्हणजे तीनदा वाजवायचा तुकडा, तिने अशी समेवर आणून टाकली की लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. माझी छाती तर अशी फुगली, जणू तबला मीच शिकवला होता.

मी काकूंकडे पाहिलं. त्यांचा डावा हात मांडीवर पुढेमागे होत होता, भाता मारल्यासारखा. बराच वेळ त्या काही जुळवत राहिल्या. मग ओठ वाकडे करत, एकेक शब्द ओढत म्हणाल्या, "दूध... उतू... गेलेलं."

"जाऊ दे," सर म्हणाले. "लेहरा नाय ना तुटला." आणि पंच्याने बराच वेळ तोंड पुसत राहिले.

सोमवारी पहाटे मी शटर वर केलं तर दारात रिक्षा उभी. आधी पेटी उतरली, मग काकू. त्या दिवशी सरांनी तबल्याची पिशवी उघडलीच नाही. पेटी स्टुलावर ठेवली, काकूंना समोर खुर्चीवर बसवलं आणि स्वतः पेटीच्या मागे जाऊन भाता धरला. काकूंचा डावा हात पट्ट्यांवर चाचपडत होता. एक सूर लागायचा, पुढचा सापडायचा नाही. पडद्यावर अनघा तबला पुढ्यात घेऊन मुकाट थांबली होती, आणि कोणी न सांगता तिने पाय दाखवले होते.

ओळ अर्ध्यातच तुटली. काकूंनी मान हलवून हात मागे घेतला.

सरांनी भाता थांबवला नाही. आयुष्यभर सगळ्या जगाला समेवर बोलावणारा हा माणूस पेटीमागून हळूच म्हणाला, "सम यायची तवा येईल गं. तू वाजव."