अंड्यातली लवंग

"यावर कोंबडी बसवा, वहिनी," शेजारचा शिंपी म्हणाला.

वहिनी मातीकाम करायच्या. हातातलं पांढरंशुभ्र अंडं म्हणजे त्यांची नव्या धाटणीची मसाल्याची डबी. वर बारीक भोकं, खाली बूच. ज्यू घरातली रीत अशी, की शनिवारी शब्बाथ संपला की सगळ्यांनी डबीतली लवंग हुंगायची. पवित्र दिवस निघून गेल्याने हिरमुसलेल्या जिवाला तेवढीच उभारी. पण सासूबाई गेल्या आणि सासऱ्यांना त्यांची चांदीची डबी बघवेना. म्हणून हे अंडं.

"बाबा एक तरी चांगला शब्द बोलतील बघा."

"बोलले तर भर रस्त्यात मिशा उतरवीन. नाही बोलले, तर तुम्ही पायरीवर बसून कोंबडीसारखं ओरडायचं!"

"लागली पैज!"

शनिवारी तारे दिसले, शब्बाथ संपला. शिंपी मिशीला पीळ देत हजर. सासऱ्यांनी अंडं हुंगलं. पुन्हा हुंगलं. चेहरा बंद दुकानासारखा.

वहिनींच्या नवऱ्याने हुंगलं, बायकोचा रडवेला चेहरा बघितला आणि म्हणाला, "अहाहा, लवंग!"

शिंपी मिशा विसरून विरघळला. "नाकाला झोंबलं हो, वहिनी!" वर एक खोटी शिंकही काढली.

वहिनींना कसलाच वास येईना. मातीच्या धुळीने आपलं नाक चोंदलंय असं समजून त्याही म्हणाल्या, "छान येतोय."

"म्हणजे माझंच नाक गेलं," सासरे पुटपुटले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

सकाळी त्यांनी कॉफी परत पाठवली. "चिखल आहे." दुपारी जेवण परत. डॉक्टर नाकात बॅटरी मारून "वय झालं" म्हणून गेले. मग सासऱ्यांनी मुलाला बोलावलं. "कब्रस्तानात तिच्या शेजारची जागा विचारून ठेव. आधी झोप गेली, मग भूक, आता नाक. हप्त्याहप्त्याने निघालोय मी."

वहिनींनी हे दाराआडून ऐकलं. त्यांनी बूच काढून अंडं खिडकीशी धरलं, भोकांतून उजेड येतो का बघितलं. मिट्ट काळोख! भट्टीत ग्लेझचा चकचकीत लेप वितळून एकूण एक भोक बुजलं होतं. पांढऱ्यावर पांढरं, दिसणार कुणाला?

"खरं सांगा, तुम्हाला वास आला होता?"

"तुझ्या तोंडाकडे बघून आला," नवरा म्हणाला.

वहिनी तशाच धावल्या आणि अंडं उलटं सासऱ्यांच्या नाकाखाली धरलं. अशी शिंक आली की पलंग हलला.

"लवंग!" सासरे उठून बसले. मग त्यांनी बुजलेली भोकं बघितली, मुलाकडे बघितलं, आवाज ऐकून दारात आलेल्या शिंप्याकडे बघितलं. "अरे, तुमच्या चांगुलपणाने मेलो असतो की मी!"

"आणि डबी?" वहिनींनी आशेने विचारलं.

"टुकार."

शिंप्याने मिशी कुरवाळली.

सकाळी सगळी गल्ली पायरीसमोर गोळा. वहिनी अंडं मांडीवर घेऊन बसल्या. "पक... पक..." त्या कशाबशा पुटपुटल्या. लोक फिदीफिदी हसायला लागले.

दार उघडलं. कित्येक महिन्यांत घराबाहेर न पडलेले सासरे काठी टेकत आले. हसू जागच्या जागी थिजलं. ते गुडघे मोडत सुनेशेजारी बसले.

"बाबा, तुम्ही आत जा हो."

"हे काय पुटपुटणं झालं? तुझ्या सासूला कमी ऐकू यायचं," ते म्हणाले आणि आभाळाकडे मान वर करून ओरडले, "पक पक पकाऽऽक!"