आमचा स्वतंत्र चीन दौरा

मला चीनला जायचं नव्हतं. मला फक्त प्रफुलला गप्प करायचं होतं.

प्रफुल हा माझा साळा. वर्ध्यात त्याचं कापडाचं दुकान आहे आणि मागच्या वर्षी तो टूर कंपनीसोबत सिंगापूरला जाऊन आला. तेव्हापासून तो आमच्या घरी बूट काढायच्या आधी मोबाइल काढतो. त्या रविवारी सिंगापूरचे सगळे फोटो चौथ्यांदा दाखवून झाल्यावर तो सोफ्यावर पाय पसरून म्हणाला, "भाऊजी, पुढच्या ग्रुपमंधी तुमीबी चला. एकट्यानं तुमच्याच्यानं काई होत नाई. तुमचा प्रवास म्हंजे केळझरचा गणपती अन् वापस."

(हे खरं आहे. दर चतुर्थीला मी एसटीनं केळझरला जातो आणि त्यातही दोनदा परतीची बस चुकवली आहे. पण माझ्याच सोफ्यावर बसून खरं बोलायचा त्याला काय अधिकार?)

"केळझर?" मी उसळलो. "मी चीनले जाऊन राह्यलो! बिना टूरवाल्याचा!"

चीनच का, असं तुम्ही विचाराल. माझ्या हातात डास मारायची रॅकेट होती आणि तिच्या दांड्यावर चीनचं नाव होतं. जपानचं असतं तर जपानला गेलो असतो.

"कोनासंग?" प्रफुलनं विचारलं.

"रीतासंग."

माझी बायको रीता स्वयंपाकघरातून पोह्यांच्या बशा घेऊन आली. "मले कोनं विचारलं?"

"आता विचारून राह्यलो."

"मंग येते," ती म्हणाली आणि पोह्यांवर लिंबू पिळायला लागली. ती नाही म्हणेल या भरवशावर मी एवढा ओरडलो होतो. आता माघार म्हणजे प्रफुलपुढे नाक कापून घेणं.

दुसऱ्याच दिवशी मी दोनशे पानांची वही आणली. मी बाजार समितीत कारकून आहे. कापसाच्या गाड्या रांगेत कशा लावायच्या हे ज्याला कळतं, त्याला सात दिवसांत दोन शहरं बसवणं काय अवघड? तीन दिवस शांघाय, तीन दिवस बीजिंग आणि एक दिवस चुकामुकीसाठी राखीव. दोघांची विमानाची तिकिटंही काढून टाकली. दोन शहरांच्या मधली गाडी साडेचार तासांत पोचते असं वाचलं. माझा विश्वास बसला नाही, म्हणून वहीत सहा तास धरले आणि स्टेशनवर तीन तास आधी पोचायचं ठरवलं. तिकडे आपले रोजचे अ‍ॅप चालत नाहीत म्हणे, म्हणून त्यांचे अ‍ॅप आधीच घेऊन ठेवले. "मी मांस, मासे, अंडी खात नाही" हे चिनी अक्षरांत छापून, लॅमिनेट करून, बाजार समितीच्या ओळखपत्राच्या दोरीत ओवलं. ते मी आठवडाभर ऑफिसातही घालून हिंडलो. कोणी विचारलंच तर सांगता यावं, म्हणून.

रोज संध्याकाळी चहानंतर मी रीताची तोंडी परीक्षा घ्यायचो.

"पाचवा दिवस?"

"भिंत."

"किती वाजता निघाचं?"

"सहा. पासपोर्ट आतल्या खिशात, कार्ड गळ्यात, चिवडा पर्शीत."

"अन् मी हरवलो तं?"

"हाटेलच्या नावाची चिठ्ठी दाखवाची, टॅक्सीत बसाचं. तुमी येसान तवा येसान."

तिला सगळं पाठ झालं. मला वही बघावी लागायची, पण परीक्षक मी होतो.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण आमच्याकडे माणूस दूरच्या प्रवासाला निघतो, तेव्हा तो एकटा निघत नाही, अख्खी आळी त्याला काढून देते. अकरा घरी जेवणं झाली. प्रत्येक घरी टोपी, दुपट्टा आणि नारळ. शेजारच्या तानाबाईंनी तर माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाल्या, "भाऊ, तिथच्या देवाले माह्याबी नमस्कार सांगजा." कोणत्या देवाला, हे मीही विचारलं नाही.

आणि मग फ्लेक्स. वर्ध्यात फ्लेक्स लागल्याशिवाय कुठलीही गोष्ट घडली असं धरत नाहीत. फ्लेक्सवाला धीरज स्वतःच घरी आला. त्यानं माझा फोटो काढला, कॉम्प्युटरवर घेतला आणि माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"काका, थोडसं साफ करू का?"

"कर," मी म्हणालो. "प्रफुलच्या दुकानातून दिसलं पायजे."

त्यानं डाव्या गालावरची चामखीळ काढली. टकलावर केस पेरले. गळ्याखालचं लोंबणारं सगळं पुसून टाकलं. मागे चीनची भिंत, पुढे हात जोडलेला मी, वर "वासुदेवराव यांना स्वतंत्र चीन दौऱ्यानिमित्त हार्दिक शुभेच्छा" आणि कोपऱ्यात, सुपारीएवढी, रीता. फ्लेक्स बरोबर चौकात, प्रफुलच्या दुकानासमोर लागला. इतका देखणा मी लग्नातही नव्हतो. म्हणून व्हिसासाठी फोटो लागला, तेव्हा मी धीरजला म्हटलं, "तोच दे. फक्त मांगची भिंत काढून पांढरं कर." पांढरी पार्श्वभूमी हवी, असा नियम होता आणि मी नियम पाळणारा माणूस आहे. रीतानं मात्र जुन्या बसस्टँडजवळ दोन मिनिटांत जसा निघेल तसा फोटो काढून आणला. मी तिला हसलो होतो.

मुंबईच्या व्हिसा सेंटरमध्ये खिडकीतल्या मुलीनं रीताचे कागद घेतले, शिक्का मारला आणि बाजूला ठेवले. मग माझा फोटो पाहिला, पासपोर्ट पाहिला, मला पाहिलं.

"अर्जदार आले नाहीत का?"

"मीच अर्जदार."

"मग हे तुमचे चिरंजीव का?"

"हा मीच आहे!"

"पासपोर्टवर गालावर चामखीळ आहे. इथे नाही."

"ती धीरजनं काढली."

"धीरज डॉक्टर आहेत का?"

"नाही, फ्लेक्सवाले."

मागच्या रांगेत कोणीतरी खोकल्याचं नाटक केलं. मुलगी बिचारी सभ्य होती. नवा, खरा फोटो लावून फॉर्म पुन्हा भरा आणि पुन्हा तारीख घ्या, असं तिनं शांतपणे सांगितलं. मी काचेला गाल लावून चामखीळ दाखवली, तरी नियम तोच राहिला. नवी तारीख मिळाली ती आमचं विमान उडाल्यानंतरच्या नवव्या दिवसाची.

पंधरा दिवसांनी पासपोर्ट घेऊन आलो. रीताच्या पासपोर्टवर व्हिसा, माझा कोरा. प्रफुल आधीच सोफ्यावर बसला होता. बातमी त्याला कुठून कळली, देव जाणे.

"मी काय म्हनलं होतं?" तो म्हणाला. "अक्कल लागते प्लानिंगले. आता तिकिटं जाऊ द्या अन् दिवाळीत गुमान आमच्या ग्रुपमंधी या."

"मी टूरवाल्यासंग जाणार नाई!" मी ओरडलो. "प्लानिंगमंधी एकबी चूक नाई! सगळं वहीत आहे. ही वही घेऊन कोनीबी, कोनीबी चीनले जाऊन येऊ शकते!"

"मंग मी जाते," रीता म्हणाली.

आम्ही दोघंही तिच्याकडे बघायला लागलो.

"एकटी?" प्रफुल म्हणाला. "ताई, पागल झाली का? भाऊजी, सांगा ना हिले!"

"वही आहे ना," रीता म्हणाली. "तिकीट आहे, व्हिसा आहे, कार्ड आहे, मले सगळं पाठ आहे. का जी, तुमच्या वहीवर तुमचाच भरोसा नाई का?"

सव्वीस वर्षांत ती एकटी नागपूरलाही गेली नव्हती. पण नाही म्हणावं तर वही खोटी, आणि वही खोटी तर प्रफुल खरा. तो पुढे सरकून माझ्या तोंडाकडे बघत होता.

"जाईन ती," मी छाती काढून म्हणालो. "एकटीच जाईन. टूरवाल्याची गरज नाई तिले."

रीतानं माझ्या गळ्यातलं कार्ड काढून स्वतःच्या गळ्यात घातलं.

ती गेली. पाचव्या दिवशी, वहीत लिहिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी, भिंतीवरून तिचा फोटो आला. (गाडी साडेचार तासांतच पोचली आणि उरलेल्या वेळात तिनं दोन बाजार जास्तीचे पाहिले.) मी तो फोटो प्रफुलला चार वेळा दाखवला. सध्या घरी मी रोज त्या निरोपाच्या अकरा नारळांची चटणी खातो.

चौकातला फ्लेक्स धीरजनं ती निघाली त्याच दिवशी बदलला. आता भिंतीपुढे भली मोठी रीता हात जोडून उभी आहे आणि खाली "शुभेच्छुक" या शब्दाजवळ सुपारीएवढा मी. टकलासकट, चामखिळीसकट.

मी भडकून त्याच्या दुकानात गेलो. "काऊन बे, तो चांगला फोटो कुठी गेला?"

"काका, तो तुमच्याशी जुळत नाई ना," धीरज म्हणाला. "आता रिस्क नाई घेत मी."

मी चौकात परत येऊन नीट पाहिलं. फोटो हुबेहूब होता. त्यावर मला कुठल्याही देशाचा व्हिसा मिळाला असता.