सुरतचे चुलते

केशवने आपल्या चुलत्यांना मारायचं ठरवलं ते एका सोमवारी, दुपारचा डबा खाता खाता. वांग्याची भाजी संपली तेव्हा चुलते आजारी होते. ताकाचा शेवटचा घोट घेईपर्यंत ते गेले. त्यांना फारसा त्रास झाला नाही, कारण ते मुळात नव्हतेच.

अशी वेळ का यावी? तर बारामतीच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीने केशवसकट सत्तर जणांना एका सकाळी हॉलमध्ये बोलावून, चहा पाजून, कायमचं घरी पाठवलं होतं. (चहाबरोबर बिस्किटंही होती. अकरा वर्षांत पहिल्यांदाच बिस्किटं दिसली, तेव्हाच त्याला संशय यायला हवा होता.) त्यानंतरच्या पाच महिन्यांत त्याला रोज नेमाने कामावर घेणारी एकच वस्तू होती, ताशा. बारामतीच्या एका ढोल-ताशा पथकात तो ताशा वाजवायचा. हातांना दुसरं काम नसल्याने जेवणाच्या ताटावर, मोटरसायकलच्या टाकीवर आणि एकदा तर डुलकी लागलेल्या वडिलांच्या पाठीवरही त्याचा सराव चालला.

"नोकरी लागली नाही तर मी माहेरी जाईन," असं त्याची बायको स्वरूपा कधी म्हणाली नाही. ती म्हणाली, "नोकरी लागली नाही तर मी दिवसभर हितंच तुमच्यासमोर बसंन." केशवने दुसऱ्या दिवशी चार ठिकाणी अर्ज टाकले.

नोकरी लागली इंदापूरला, युवराजशेठच्या ठिबक सिंचनाच्या दुकानात. गोदामातून नळ्यांची भेंडोळी मोजून बाहेर पाठवायची. भवानीनगरजवळच्या वस्तीवरून रोज मोटरसायकलने जायचं. तीन महिने काम बघणार, मग पक्कं करणार. पहिल्याच दिवशी शेठनी नियम सांगितला.

"लगीन, जत्रा, वास्तुशांती असल्या कारणांना रजा न्हाय. मयतीला मात्र मी कुणाला आडवत न्हाय."

मयत हा शेठच्या जिव्हाळ्याचा विषय होता. त्यांना पुढची निवडणूक लढवायची होती. कोणती, ते अजून ठरायचं होतं. पण दहाव्यांना जाणं त्यांनी आधीच सुरू केलं होतं. तालुक्यात कुठेही कोणी गेलं की सकाळी पहिली गाडी त्यांची. हार, फोटोग्राफर आणि गहिवर या तिन्ही गोष्टी गाडीत कायम तयार असत. नदीकाठी पिंडाला कावळा शिवेना, की लोक आधी शेठ आलेत का ते बघत.

आणि इकडे बुधवारी बारामतीला पथकांची स्पर्धा होती.

"शेठ, चुलते गेले," केशव हात धुऊन आत जाऊन म्हणाला.

"आरारा! सख्खं?"

"सख्खं."

"कुठं झालं? गाडी काढाय सांगतो."

"सुरतला," तो म्हणाला. त्याला यापेक्षा लांबचं गाव ऐन वेळी आठवलं नाही.

"लांब झालं," शेठ म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं दुःख उमटलं. सुरतला त्यांचं एकही मत नव्हतं.

बुधवारी केशवने तीन तास ताशा वाजवला. पथकाचा दुसरा नंबर आला. गुरुवारी तो पडेल चेहऱ्याने कामावर हजर झाला, आणि हातांवरचे फोड बघून गोदामातला गेणू हळहळला, "लाकडं फोडाय तुमीच होता वाटतं." इथे प्रकरण मिटायला हवं होतं. पण माणूस मरून नऊ दिवस झाले की दहावा उजाडतो, ही साधी गोष्ट केशवच्या हिशेबात नव्हती.

"केशवराव, उद्या दहावा न्हवं का?" गेणूने विचारलं. "जाणार सुरतला?"

"नाही. एवढं लांब कुठं? इथंच केस काढीन."

"मिश्या?"

"मिश्या... पण."

"काढाच. शेठ बघत्यात. एकजण दहाव्याला मिश्या ठिवून आला, तर म्हणले, जो रक्ताच्या माणसाला बुडवतो तो दुकानाला काय ठिवंल? गेला घरी."

पक्कं होण्याचं पत्र आठवड्यावर आलं होतं. मिशी पुन्हा येते. नोकरी यायला पाच महिने लागतात, हे केशवने सोसलेलं होतं. संध्याकाळी तो मुद्दाम वाट वाकडी करून काटेवाडीत गेला. तिथे त्याला ओळखणारं कोणी नव्हतं.

"कोण गेलं?" न्हाव्याने वस्तरा लावत विचारलं.

"चुलते."

"वय?"

केशवने हा विचारच केला नव्हता. "ऐंशीच्या पुढं."

"मग सोनं झालं," न्हावी म्हणाला आणि एका फटक्यात डावी मिशी उतरवली.

वस्तीवर वडील, म्हणजे भीमराव तात्या, अंगणात बाजेवर बसून बशीतून चहा पीत होते. गाडी थांबली. तात्यांनी आधी ते डोकं पाहिलं. मग ओठावरची मोकळी जागा पाहिली. बशी हातातच राहिली.

"आरं," ते म्हणाले, "मी जित्ता हाय की!"

"तात्या, उकडत होतं म्हणून..."

"मिशीला बी उकडतं?"

स्वरूपा दारात आली. तिने नवऱ्याला खालून वर आणि वरून खाली न्याहाळलं. "तुमी रजेला काय कारण दिलं होतं?" तिने शांतपणे विचारलं. (ती शांत असली की केशवला घाम फुटतो.) "आणि ही दशा करून आलाय ते कुणाच्या नावानं?"

केशवने सांगितलं. तात्या त्या रात्री जेवले नाहीत.

ते जेवत नव्हते त्याच वेळी बातमी मात्र जेवूनखाऊन निघाली होती. रस्त्याने येताना वस्तीवरच्या तिघांनी केशवचं डोकं पाहिलं होतं. पोराने मिशी काढली म्हणजे बाप गेला, याला आपल्याकडे वेगळा पुरावा लागत नाही. नऊ वाजता मोबाइलच्या ग्रुपवर तात्यांचा फेटा घातलेला फोटो आला. खाली दोन हात जोडलेले आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली.' सकाळपर्यंत एकशे बारा जणांनी हात जोडले. त्यातला एक हात जोडणारा इंदापूरला राहत होता.

सकाळी तात्या दारात मिश्री लावत उभे असताना दोन गाड्या थांबल्या. पांढऱ्या कपड्यांतली पंधरा-वीस माणसं खाली माना घालून उतरली. पुढे युवराजशेठ. त्यांनी भला थोरला हार फोटोग्राफरकडे दिला आणि दारातल्या म्हाताऱ्याचे दोन्ही हात धरले.

"किती वाजता झालं?"

"काय?" तात्या थुंकून म्हणाले.

"तात्या गेलं ते."

"तात्या मीच हाय."

शेठनी हात सोडले, पण गहिवर एकदम आवरता येईना. "मग... मग सुरतचं?"

"कोण सुरतचं?"

"तुमचं भाऊ. केशवरावांचं चुलतं."

"मला भाऊ न्हाय. पाच भैनी हायत्या, पाची जित्त्या हायत्या, आन् त्यांच्या आधी मीच जाईन असं त्यांचं ठरलंय."

केशव कडब्याच्या गंजीमागे उभा होता. पत्र, पक्की नोकरी, पुढची सगळी वर्षं त्याला त्या वीस पांढऱ्या टोप्यांमधून निघून जाताना दिसली. स्वरूपाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि बोटाने अंगणाची वाट दाखवली.

तो पुढे आला. तेवढ्यात फोटोग्राफरने (बिचारा पोटार्थी माणूस) विचारलं, "शेठ, फोटो घ्यायचा का न्हाय?"

माणूस निवडून येण्याच्या लायकीचा आहे की नाही, हे अशा वेळी कळतं. शेठनी एक क्षण हाराकडे पाहिलं, एक क्षण तात्यांकडे, आणि तो हार तात्यांच्या गळ्यात घातला.

"आपल्या भागातले ज्येष्ठ ऊस उत्पादक भीमराव तात्या यांचा सत्कार!"

वीस जणांनी टाळ्या वाजवल्या. दुखवट्याला आणलेली टोपी आणि टॉवेलही तात्यांनाच मिळाला. तात्यांचा जन्मात कोणी सत्कार केला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले. शेठनी तोच फोटो घेतला.

मग त्यांनी केशवला विहिरीकडे नेलं.

"शेठ, मी खरं कारण सांगतो..."

"सांगू नका. कळलं तर मला काढावं लागंल. काढलं तर लोक का काढलं म्हणून इचारतील. आन् मग युवराजशेठ जित्त्या माणसाला हार घालाय गेला, ही गोष्ट पार बारामतीपातुर जाईल." शेठनी खांद्यावर हात ठेवला. "एक तारखेपासून तुमी पक्कं. तोंड मात्र बंद."

त्या दिवसापासून केशव खोटं बोलायचं नाही अशा निर्धाराने वागू लागला. गणपती आले तोवर केस परतले होते, मिशीही बऱ्यापैकी सावरली होती. मिरवणुकीच्या दिवशी पथकाला त्याच्या ताशाची गरज होती. त्याने कोरा कागद घेतला आणि आयुष्यातला पहिला प्रामाणिक रजेचा अर्ज लिहिला: 'मिरवणुकीत ताशा वाजवायचा असल्याने एक दिवस रजा मिळावी.'

अर्ज संध्याकाळी परत आला. खाली लाल शाईत शेठचा शेरा होता: 'कारण पटत नाही. घरात कोणी वारले असल्यास तसे स्पष्ट लिहावे.'