सिद्धम्मा तलावात बसल्या

उमरग्यात मांडव घालून मला सव्वीस वर्षं झाली. या सव्वीस वर्षांत वावटळी आल्या, वऱ्हाडं भांडली, एकदा तर नवरदेवाची घोडी थेट स्टेजवर चढली. पण सिद्धाराम मंडपवाल्याचा मांडव पडला असं कुणी म्हणू शकत नाही. खांब, दोरी, कापड आणि वारा यातलं आपल्याला सगळं कळतं, अशी माझी पक्की समजूत होती. म्हणून रामहरी भंगारवाल्याच्या आवारात ती वस्तू बघितली, तेव्हा मी एका दमात सांगून टाकलं, "ही शिडाची बोट आहे. आणि ही मी चालवणार."

रामहरीनं ती कोकणातल्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टच्या सामानातून आणली होती. फायबरचे दोन लांबलचक पांढरे पेटे, सोळा-सोळा फुटांचे, दुधी भोपळ्यासारखे. त्यांना जोडणारे दोन आडवे पाईप, एक उंच ॲल्युमिनियमचा खांब आणि तारांचं भेंडोळं.

"म्हशींना पाणी पाजायला दोण्या म्हणून घेतल्या," रामहरी म्हणाला, "पण वरून बंद निघाल्या. न्या तुम्ही."

त्याच्या पुतणीच्या साखरपुड्याचा मांडव मी घालायचा आणि त्या बदल्यात बोट न्यायची, असं ठरलं.

बोट कुठल्या कंपनीची, हे मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. स्टिकर उन्हानं खाल्लं होतं. एकच गोल अक्षर उरलं होतं, ते ओ होतं की शून्य, तेही सांगता येत नव्हतं. मोबाईलवर बोटी जोडायचे व्हिडिओ होते, पण प्रत्येक जण सुरुवातीलाच म्हणायचा, आधी तुमच्या बोटीचं मॉडेल बघा. गोव्यातल्या एका बोटवाल्याला फोटो पाठवले. त्याचं उत्तर आलं, "आमची नाही." जणू काही मी ती त्याच्या दारात सोडून आलो होतो.

मग मी माझ्या डोक्यानं कामाला लागलो. ट्रकची केबिन दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून पेट्यांच्या भेगा बुजवून घेतल्या. खांब तीन तारांच्या ताणावर उभा राहतो हे कळल्यावर तर मला हसूच आलं. हे तर आम्ही रोज करतो. दोन पेट्यांच्या मधली बसायची जाळी कुजली होती. तिथं मी बाजेची नवार घट्ट विणली. मागं सुकाणूची दोन पाती असायला हवी होती. एकच होतं. ते मी सरळ धरून बांधून टाकलं.

राहिलं शीड. जुनं शीड हात लावला की पापडासारखं मोडत होतं. माझ्या गोदामात एका जुन्या मोर्चाच्या सभेचा मोठा फ्लेक्स पडून होता. मजबूत माल. त्रिकोणी कापला, शिवला, आणि अक्षरं दिसू नयेत म्हणून पांढरी बाजू माझ्याकडं ठेवली. शिडाला दोन बाजू असतात, हा विचार तेव्हा मला सुचला नाही.

"अहो," माझी बायको शिवलीला म्हणाली, "शेजारणी विचारतेत हे काय चाललंय. मी सांगितलं, पाण्याची टाकी बसवायलेत."

"बोट म्हणून सांगायला काय झालं?"

"एकदा पाण्यावर राहू द्या. मग सांगते."

तिच्या माहेरच्या गावाजवळ मोठा तलाव आहे. रविवारी सकाळी टेम्पोतून बोट तिथं नेली. शिवलीला पूजेचं ताट घेऊन आली आणि सोबत तिची आई, सिद्धम्मा. वय पंच्याहत्तर, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. मी बोट गुडघाभर पाण्यात लोटली आणि दोरी काठावरच्या खुंटीला बांधली. खुंटी मी स्वतः ठोकली होती.

सिद्धम्मांनी बोटीकडं खालून वर बघितलं. "येन री इदु?" त्या कानडीत म्हणाल्या. "हे काय म्हणायचं, जावईबापू?"

"बोट आहे, मामी."

"मला तर बाज दिसतीय." असं म्हणून त्यांनी नारळ फोडायच्या आधीच शिवलीलाचा हात धरला, लुगडं सावरत पाण्यातून दोन पावलं टाकली आणि नवारीवर ऐसपैस बसल्या. "चांगली घट्ट विणलीय. गुडघ्याला बरं वाटतंय."

शिवलीला म्हणाली, "आई बसलीच आहे तर शीड वर करा, फोटो काढते."

मी शीड वर केलं. वारं मागून आलं. आयुष्यभर मी वाऱ्याला सांगत आलो की कापड इथंच राहील. त्या दिवशी वाऱ्यानं मला त्याचं उत्तर दिलं. फ्लेक्स फडफडला, फुगला, तारा कण्हल्या आणि चिखलात ठोकलेली माझी खुंटी लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. मी मागच्या पाईपला लोंबकळलो. दहा-पंधरा हात फरफटत गेलो आणि हात सुटला. बोट सासूबाईंना घेऊन निघाली.

मला पोहता येत नाही. हे आधी सांगायला हवं होतं, पण विषय निघाला नाही. नाकातोंडात पाणी गेलं, मी हातपाय झाडायला लागलो. डोळ्यांसमोर माझं उमरग्यातलं दुकान, शिवलीला, सगळं येऊन गेलं. काठावर धुळाप्पा नावाचा गुराखी म्हशी धूत होता. तो शांतपणे म्हणाला, "मालक, उभं ऱ्हावा."

मी उभा राहिलो. पाणी कंबरेला होतं.

पण सिद्धम्मा लांब जात होत्या, आणि तिकडं पाणी कंबरेइतकं नव्हतं. शिवलीला काठावरून "आई, आई" करत होती. मासेमारांचा थर्माकोलचा तराफा काठाला पडला होता. धुळाप्पानं तो ओढला, मला वर चढवलं आणि फळीनं वल्हवायला लागला.

"घाबरू नका," तो म्हणाला. "मधी जुनं गावठाण हाय. उंचवटा हाय तिथं. आपोआप थांबतीय बघा."

आणि खरंच, तलावाच्या मध्यभागी बोट हळूच थांबली. तिचे पेटे चिखलावर टेकले होते. शीड तसंच ताठ फुगलेलं होतं.

पलीकडच्या काठावरून रस्ता जातो. तिथं आधी दोन मोटरसायकली थांबल्या, मग एक जीप, मग भाजीचा टेम्पो. आम्ही तराफ्यावरून वळसा घालून शिडाच्या पलीकडं आलो तेव्हा मला पहिल्यांदा रस्त्याकडची बाजू दिसली. हातभर उंचीच्या लाल अक्षरांत तिथं लिहिलं होतं, "न्याय मिळालाच पाहिजे". त्याच्याखाली पाय पसरून एक पंच्याहत्तर वर्षांची बाई बसली होती.

पाऊण तासात काठावर दोनशे माणसं जमली. जलसमाधी आंदोलन सुरू झालंय, ही बातमी आमच्याआधी तालुक्याला पोचली होती. दोन पोलीस आले, त्यांच्यापाठोपाठ तलाठी राजेश्वरीताई स्कूटीवरून आल्या. त्यांनी भाजीच्या टेम्पोवरचा भोंगा मागून घेतला.

"आजी, टोकाचं पाऊल उचलू नका. तुमची मागणी काय आहे ते सांगा."

वाऱ्यानं आमचा तराफा सारखा लांब ढकलला जात होता; मी आत्ता कुठं बोटीपाशी पोचलो होतो. "मामी, चला. उतरा तराफ्यावर. मी सांगतो त्यांना की चुकून झालंय."

सिद्धम्मा माझ्याकडं बघत नव्हत्या. त्या खाली पाण्यात बघत होत्या. "इथं मारुतीचा पार होता," त्या म्हणाल्या. "त्याच्या मागं आमचं घर. शिवलीला इथंच जन्मली." मग त्यांनी मान वर केली. "ती बाई काय विचारायली?"

"तुमची मागणी काय, म्हणून विचारतायत. पण आपली काही मागणी नाही, मामी."

"तुमची नसंल," सिद्धम्मा म्हणाल्या. "चाळीस वर्सांत मला कुणी इचारलं न्हाय. आज इचारायलेत तर सांगू द्या."

त्या खांबाचा आधार घेत नवारीवर उठून उभ्या राहिल्या. भोंग्याची त्यांना गरज नव्हती.

"आमच्या गावाचं नाव चिंचनाळ," त्यांनी काठाकडं बघून सांगितलं. "तलावात गाव गेलं, आमी रस्त्याकडंला आलो. तुमी तिथं पाटी लावली, पुनर्वसन. एसटीचा कंडक्टर म्हणतो, पुनर्वसनवाले उतरा. माझ्या लेकीच्या पत्रिकेत छापलं, मुक्काम पुनर्वसन. उद्या मी मेले तर म्हणतील, पुनर्वसनची म्हातारी गेली. मला चिंचनाळची म्हातारी म्हणून जायचंय. माझ्या गावाचं नाव मला द्या."

काठावर कुणी टाळी वाजवली नाही. रस्त्याकडच्या वस्तीतल्या बायकांमधल्या एकीनं फक्त डोळ्यांना पदर लावला, आणि मग तिच्या शेजारणीनं. राजेश्वरीताईंनी भोंगा खाली ठेवला. मग चपला काढून पाण्यात आल्या, गुडघ्यापर्यंत, आणि म्हणाल्या, "आजी, मी लिहून देते आणि पाठपुरावा पण करते. तुम्ही बाहेर या."

"आधी लिवा."

त्यांनी लिहिलं. धुळाप्पानं कागद पिशवीत घालून तराफ्यावरून आणला. सिद्धम्मांना वाचता येत नाही. त्यांनी मला मोठ्यानं दोनदा वाचायला लावलं, घडी घातली, पोलक्यात ठेवली आणि मगच उतरल्या. बोट तिथंच राहिली. संध्याकाळी बारा माणसांनी ती ओढून काढली. पोलिसांनी माझा जबाब घेतला. मी आंदोलनाचा आयोजक आहे की त्यात बुडणारा, यावर त्यांचं बराच वेळ एकमत होईना.

राजेश्वरीताई शब्दाच्या पक्क्या निघाल्या. ठराव झाला, अर्ज गेले, चकरा झाल्या. आठ महिन्यांनी थांब्यावर निळी पाटी लागली, "चिंचनाळ". सिद्धम्मा तिच्यावरून हात फिरवून आल्या. पुढच्याच आठवड्यात त्या आमच्याकडं उमरग्याला राहून परत निघाल्या. मी त्यांना एसटीत बसवलं, कंडक्टरला सांगितलं, आणि मोठ्या समाधानानं दुकानात येऊन बसलो.

तासाभरानं फोन वाजला.

"जावईबापू," सिद्धम्मांचा आवाज जरा पडलेला होता, "मी पुढच्या फाट्यावर उतरलेय. न्यायला या."

"अहो, कंडक्टरनं सांगितलं नाही का?"

"सांगितलं की. चिंचनाळवाले उतरा म्हणून दोनदा वरडला. मी बसून ऱ्हायले. म्हणलं, पुनर्वसन आलं की उतरावं."