नानांची कडू तालीम

आमच्या पिंप्राळ्यातल्या कॉलनीत सकाळी सकाळी कोणी कच्चं कारलं काकडीसारखं कराकरा खाताना दिसलं, तर ते शेजारचे नाना समजावेत. मीठ नाही, लिंबू नाही, वर बियांसकट! मी आपला ओट्यावर चहा घेऊन बघत बसतो आणि माझाच चहा कडू होतो.

नाना धुळ्याच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. बायको गेल्यापासून एकटेच. वर्षापूर्वीपर्यंत हा माणूस चहाचा पाक करून प्यायचा. मग एकाएकी साखर गेली आणि कडुनिंबाचा पाला, मेथीदाणे, काडेचिराईताचा काढा आला. मधुमेह म्हणावा, तर तपासणी स्वच्छ. आता कॉलनीतल्या बायका कडू निघालेली काकडीसुद्धा फेकत नाहीत, नानांकडे पाठवतात.

"नाना, हे खाववतं कसं?" मी एकदा विचारलं.

"पहिला घास दुश्मन, दुसरा पाव्हना, तिसरा घरना," नाना म्हणाले. "घाई करानी नही भाऊ. कडूले बठाले जागा दे."

आणि माझ्या हातात काढ्याची वाटी दिली. एक घोट घेतला आणि थुंकायला उठलो, तर त्यांनी माझा हात धरला. "थांब." थांबलो. कडूपणा हळूहळू ओसरला, वर प्यायलेलं साधं पाणीही गोड लागलं. मी थक्क होऊन त्या माणसाकडे बघत राहिलो. असली जीभ कमवायची म्हणजे काय खायचं काम आहे?

त्या दिवशी त्यांनी कारण सांगितलं. मुलगा प्रशांत इंजिनीअरची नोकरी सोडून पुण्याला बिअर बनवतो. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्याने स्वतः बनवलेली पहिली बाटली बापासाठी आणली होती. तिच्यात हॉप नावाची कडू फुलं असतात, आणि पिणारे त्या कडूपणावरच जीव टाकतात म्हणे. नानांनी जन्मात थेंब घेतला नव्हता. पोराखातर घोट घेतला आणि अंगणात थुंकला. "हाई काय पेवानी चीज शे का?" प्रशांत मुक्काम करणार होता, तो संध्याकाळच्याच गाडीने परत गेला.

"पोरनी मेहनत मी थुकी टाकी भाऊ," नाना म्हणाले. तेव्हापासून ही तालीम चालली होती.

यंदाच्या आखाजीला प्रशांत आला. नानांनी मलाही बोलावून घेतलं. पुरणपोळी झाली, बाटली उघडली. नानांनी घोट घेतला, डोळे मिटले, कडूला बसायला जागा दिली. नानांच्या कपाळाला आठी पडली.

"आवडनी नही का नाना?" प्रशांतने विचारलं.

"कडू कोठे गयं रे?"

"कमी करी टाकं. वरीसभर तेच करी ऱ्हायनू. तुमनासाठे."

नानांनी ग्लास उजेडात धरून पाहिला. मला काही राहवेना. मी फ्रीज उघडून आतली कारली प्रशांतला दाखवली आणि वर्षभराची हकीकत सांगून टाकली.

प्रशांतने एक कारलं उचललं आणि मोठा घास तोडला. तोंड वेडंवाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं, तो उठायला लागला. नानांनी त्याचा हात धरला.

"थांब."

प्रशांतने घास कधीच गिळला होता. नानांनी हात सोडला नाही.