मन्हा नातू

लोणखेड्यात चुनीलाल पाटलांच्या घरी सकाळपासून एकच नियम होता: साखरपुडा उरकेपर्यंत राजकारणाचा शब्द काढायचा नाही. मुलीचे वडील चुनीलाल विरोधी पक्षाचे, तर मुलाचे वडील हेमकांत सत्ताधारी. दोघांना एका सतरंजीवर बसवायला चारुलता आणि ललितला दोन वर्षं लागली होती.

अंगठ्या पुढे आल्या आणि गेलेली वीज परतली. बंद करायचा राहून गेलेला टीव्ही मोठ्यानं बोलू लागला, "...कर्जाची मर्यादा वाढवायची की खर्चाला कात्री लावायची, यावरून आज सभागृहात खडाजंगी..."

कुणी तरी रिमोट शोधायला धावलं. पण उशीर झाला होता.

"लावा कात्री!" चुनीलाल पुटपुटले. "किती उधारी करशात?"

"कर्ज काढं नही तर धडगावना घाटमा रस्ता कसा व्हई?" हेमकांतांनी टोपी सरळ केली.

"मंग फेडी कोन?"

"सरकार फेडी!"

"सरकार म्हंजे कोन? आपलाच खिसा ना!"

टीव्ही बंद झाला, हे दोघे चालूच. पाहुण्यांचेही दोन गट पडले. अखेर हेमकांत ताडकन उठले.

"जठे मन्हा पक्षले इज्जत नही, तठे सोयरीक नही. ललित, ऊठ!"

ललित अर्धा उठला आणि चारुलताकडे पाहून तसाच वाकून राहिला. तिचे डोळे भरले होते. बाहेर वरपक्षाची जीप सुरू झाली. चारुलताची आई अनुसयाबाई हातातलं पेढ्यांचं ताट घट्ट धरून उभ्या होत्या. हेमकांतांनी एक चप्पल घातली.

चुनीलाल मागून ओरडले, "जा! पन सांगी ठेवस, मन्हा नातू डोकावर कर्ज लईसन जलमाव नही!"

हेमकांत गर्रकन वळले. "तुम्हना नातू? नातू मन्हा! आडनाव मन्हं लागी!"

"पहिलं बाळंतपण माहेरले ऱ्हास! जलमी तो आठेच!"

"शाळामा मी धाडसू!"

"मत तरी मन्हा पक्षलेच दी तो!"

चारुलता लाजून लाल झाली. ललित हळूच खाली बसला. अनुसयाबाईंनी डोळ्यांनी खुणावलं. ललित-चारुलतानं पटकन एकमेकांना अंगठ्या घातल्या. मग अनुसयाबाई उंबऱ्याशी गेल्या आणि भांडणाऱ्या दोन्ही तोंडांत एकेक पेढा कोंबला.

"हाऊ कसाना पेढा?" हेमकांतांनी भरल्या तोंडानं विचारलं.

"साखरपुडाना," अनुसयाबाई म्हणाल्या. "नातूना नंतर देसू."